दाराला लावलेला गुडघा

मिस्त्रीने गाडीचं डावं दार पूर्ण उघडून सोडलं, तर ते कुठेच न थांबता परत आलं आणि त्याच्या नडगीवर आपटलं. तो खेकसला, "या दाराला लोंबकळतं कोण? आतली पट्टी झिजून गुळगुळीत झालीय. तिच्या खाचेत रोलर बसतो, म्हणून दार उघडं राहतं. आता तो बसणार कुठे, माझ्या डोक्यावर?"

गाडीवाले आजोबा ओशाळले. बाकावर बसलेल्या आजींकडे बघत म्हणाले, "हिला दार धरूनच उतरावं लागतं. ते परत येऊ नये म्हणून मी गुडघा लावून उभा राहतो."

मिस्त्रीने जीभ चावली. नवी पट्टी बसवली. उघडं दार जोरात ढकललं, तरी जागचं हललं नाही. मग त्याने आजींना आत बसवलं आणि आजोबांना ऐटीत म्हणाला, "व्हा आता बाजूला!"

आजोबा दारापासून सरकले. आजींनी दार धरलं, पण उठेनात.

"दार पक्कं आहे, आजी!"

"दिसतंय रे मला. पण यांचा गुडघा कुठाय? त्यावर हात टेकल्याशिवाय मला उठता येत नाही."

मिस्त्रीने आजोबांचा दंड धरला आणि त्यांना परत दाराशी, होते तिथे नेऊन उभं केलं.