जोडा जमत नाही?

बॅनर म्हणजे काय, हे दादाला समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला. दादा, म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, जोडे बनवतो. तेही कुणाचेही नाहीत. ज्यांचा एक पाय मोठा आणि एक लहान, त्यांचे. असे लोक भरपूर असतात, फक्त सांगत फिरत नाहीत. मोठ्या पायाच्या मापाचा जोडा घेतात आणि लहान पायाच्या बोटांपुढे कापूस कोंबतात. दादा त्यांना दोन्ही पायांना नीट बसेल असं काहीतरी करून देतो. हातात जादू आहे त्याच्या, पण तोंडात मूग.

वेबसाइट मी बनवली. दिसायला झकास, पण तिकडे कुत्रंही फिरकत नव्हतं. आणि कुणीतरी फिरकणं भाग होतं, कारण वहिनीला तिच्या ऑफिसने परगावच्या शाखेत बढती देऊ केली होती. तिने जेवताना दादाला सरळ सांगितलं, "साइट चालली तर मी इथेच थांबते, तुम्हाला मदत लागेल. नाही चालली तर जाते. सुट्टीला येत जाईन."

यावर आमचे बंधुराज काय म्हणाले? "बघ बाई, तुला काय सोयीचं पडतं ते." आणि ताटातली भाजी चिवडत बसले. मला त्याच्याच हातोडीने त्याचं टाळकं शेकवावंसं वाटलं. त्या दिवसापासून वहिनीचं घरातलं बोलणं कामापुरतं झालं. ती गेली असती तर या घरात मी आणि हा घुम्या, दोघंच उरलो असतो. शिवाय मला वहिनी आवडते. खरं सांगायचं तर दादापेक्षा जास्त.

म्हणून मी ऑनलाइन जाहिराती लावून देणाऱ्या एका गृहस्थाला दादाच्या कारखान्यात बोलावलं. कारखाना म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली, सगळीकडे पायांचे लाकडी साचे आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा वास. गृहस्थांनी रुमालाने स्टूल पुसलं, लॅपटॉप उघडला आणि दुसऱ्याच कुठल्यातरी साइटच्या डोक्यावरची एक लांबलचक पट्टी दाखवली. "हा बॅनर. लोक इथे दाबणार आणि थेट तुमच्या साइटवर येणार."

दादाने चष्मा वर करून पट्टी न्याहाळली. "एवढ्या चिंचोळ्या जागेत जोडा कसा मावेल? फार तर तळवा बसेल."

"फोटो नकोच," गृहस्थ म्हणाले. "न दाखवलं की लोक जास्त दाबतात. तीन शब्द द्या, झणझणीत."

चहा घेऊन आलेल्या वहिनीने सुचवलं, "लहान-मोठ्या पायांसाठी मापाची पादत्राणं." गृहस्थांनी असं तोंड केलं जणू कुणी एरंडेल पाजलंय. दादा म्हणाला, "ठीक आहे की." दादाला सगळंच ठीक असतं. शेवटी माझंच डोकं चाललं. मी म्हटलं, "जोडा जमत नाही?" आणि खाली बटण, "इथे माप द्या."

"वा!" गृहस्थांनी मांडीवर थाप मारली. मी अशी फुगले की विचारू नका.

"पण हे लावणार कुठे?" दादाने विचारलं.

"ते मशीन ठरवतं. शब्द वाचतं आणि बरोबर जागा शोधतं."

मशीनने शब्द वाचले. आणि त्या दीडशहाण्या मशीनने आमचा बॅनर नेऊन लावला लग्न जमवणाऱ्या साइटवर, संसाराचे सल्ले देणाऱ्या साइटवर आणि घटस्फोटाच्या वकिलाच्या साइटवर. धडाधड निरोप यायला लागले. पहिला वाचून मला वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. "आमचा जोडा लग्नापासून टोचतोय. सैल करता येईल का?" दुसरा निरोप, "माप देते. तो सव्वासहा फूट, मी पावणेपाच. स्वभावाचं माप कुठे लिहायचं?" एका बाईंनी तर विचारलं होतं, नवरा वापरलेला असला तरी बदलून मिळतो का. पायाबद्दल एका शब्दाने कुणी विचारलं नव्हतं!

मी जाहिरातवाल्या गृहस्थांना फोन लावला. "अहो महाशय, जोडा म्हणजे पायातला हो, पायातला! नवरा-बायकोचा नव्हे!"

"पण मॅडम, लोक दाबतायत ना?"

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वहिनी मात्र निरोप वाचून पोट धरधरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग तिने पदराने डोळे पुसले. "चालली नाही म्हणायची साइट," एवढं बोलून ती आत गेली आणि कपाटावरची बॅग खाली काढल्याचा आवाज आला. तीन शब्दांची अक्कल माझीच होती ना!

मी सगळ्यांना "क्षमस्व, आम्ही फक्त पादत्राणे बनवतो" असं पाठवून मोकळी होणार होते. दादाने मला अडवलं. "लोकांनी विश्वासाने माप पाठवलंय. असं कसं हाकलायचं? मी सांगतो, तू टाइप कर."

आणि हा माणूस, जो शेजाऱ्याशीही हवापाण्यापलीकडे बोलत नाही, तो सांगत सुटला. टोचणाऱ्या जोड्याला म्हणाला, आधी कुठे टोचतं ते बोट ठेवून दाखवा, नुसतं टोचतंय म्हणू नका. मी टाइप करत गेले. मग एका बाईचा निरोप आला, "मी निघून गेले तरी याला काही फरक पडेल असं वाटत नाही."

दादाने हातातल्या साच्यावरून अंगठा फिरवला. मग खाली मान घालून बोलायला लागला.

"ताई, फरक पडतो. पण जाऊ नको म्हटलं आणि ती थांबली, तर तिचं चांगलं आपल्यापायी हुकलं असं जन्मभर वाटत राहणार. म्हणून माणूस म्हणतो, बघ तुला काय सोयीचं. खरं तर त्या दिवसापासून जेवण जात नाहीये."

"अहो, हे त्या बाईला काय सांगताय?" दारातून आवाज आला. वहिनी उभी होती, हातात घडी घातलेले कपडे. "मला सांगा की."

दादा लाल झाला, मग पांढरा झाला. "काय सांगू?"

"जे पोटात आहे ते. माझ्याकडे बघून."

दादाने वर बघितलं. "जाऊ नकोस."

वहिनीने कपडे तिथेच कातड्याच्या ढिगावर टाकले आणि म्हणाली, "साइट गेली खड्ड्यात. एवढं बोलायला तुम्हाला अख्खं इंटरनेट लागलं!" आणि रडायलाच लागली. दादा तिच्यासाठी स्टूल पुढे सरकवत होता, आणि ती बसायला तयार नव्हती.

मीही डोळे पुसले आणि स्क्रीनकडे बघितलं, तर काय! दादा बोलेल ते टाइप करायचं, या नादात माझी बोटं थांबलीच नव्हती. "काय सांगू? जाऊ नकोस," इथपर्यंत सगळं लिहून मी पाठवूनही दिलं होतं.

त्या बाईचं उत्तर लगेच आलं. "शेवटचे दोन शब्द माझ्या नवऱ्याला पाठवता येतील का? तो बाहेरच्या खोलीत बसलाय."