खाडीचा मासा

पाच वर्षांच्या शिवतेजला भरवायचं म्हणजे संयोगिताची निम्मी सकाळ जायची. मान धरायची, हनुवटी उचलायची, मऊ भाताचा घास जिभेवर ठेवायचा आणि तो गिळेपर्यंत गळ्यावरून बोट फिरवत राहायचं. त्या दिवशीही ती ओसरीच्या कोपऱ्यात पदरानं त्याची लाळ पुसत होती, एवढ्यात सासूबाई शालूबाई दारात आल्या.

"आटप की गं बया. आष्ट्याची माणसं येत्यात. आन् ह्याला आतल्या खोलीत ठीव, भाईरनं कडी घाल."

आष्ट्याची माणसं कशाला येणार, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. संयोगिताच्या नवऱ्याला, जयराजला, दुसरी बायको बघायची होती. पहिलीला 'तसलं' पोर झालं, त्यानंतर दोनदा पोट पडलं, तेव्हा बाई पांढऱ्या पायाची, असा निकाल कधीच लागला होता. कायदा दुसऱ्या लग्नाला गुन्हा म्हणतो. पण पहिलीनं आपल्या हातानं नव्या मुलीला कुंकू लावून ओटी भरली, की आपल्याकडं सगळेच डोळे मिटून घेतात. बाईचा गळा दाबायचा आणि वर तिच्याच हातानं पेढे वाटायचे, अशी ही रीत!

सासरे लालासाहेब म्हणजे विट्याकडच्या त्या गावातलं बडं प्रस्थ. पार दक्षिणेत, समुद्राच्या खाडीकाठी, त्यांचं सोनं गाळायचं दुकान. सोनारांकडची झाडलोटीची माती विकत घ्यायची आणि पाण्यात पाऱ्याबरोबर घोटायची. मातीतला सोन्याचा कण न् कण पारा धरतो. मग भट्टीवर पारा उडवला की खाली सोनं उरतं. राहिलेलं घाण पाणी मागच्या मोरीतून सरळ खाडीत. त्याच कमाईतून गावच्या देवळाला कळस चढला होता आणि देवळाच्या भिंतीवर लालासाहेबांचं नाव कोरलं होतं. खाडीत काय चढलं होतं, ते विचारायची कुणाला गरज पडली नव्हती.

त्या दुकानाच्या माडीवर संयोगितानं संसार केला. भट्टीतून उडालेला पारा बसून तिच्या मंगळसूत्राच्या वाट्या तिथं पांढऱ्या पडायच्या. जयराज हसत त्या भट्टीवर धरायचा, पिवळ्याधमक करून परत द्यायचा. खाडीतली मासळी घेऊन एक कोळीण दारावर यायची. दिवस गेल्यावर तिथली नर्स म्हणाली होती, मासे खा, बाळ हुशार होईल. संयोगिता हौसेनं रांधायची. जयराज मात्र माशाला शिवायचा नाही. "आज सोमवार," म्हणायचा. नाही तर गुरुवार, नाही तर शनिवार, नाही तर संकष्टी. नवरा एवढा देवभोळा, याचं तिला कौतुक वाटायचं. त्याच्या वाटणीचा तुकडाही तीच खायची.

गेल्या वर्षी ती पोराला घेऊन गावी आली. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी शिवतेजला पाहिलं, नवऱ्याचा धंदा विचारला, मायलेकरांचं रक्त तपासलं आणि सांगितलं, "पारा आहे. पोटात असतानाच बाळाच्या मेंदूपर्यंत गेला." घरी हे सांगितल्यावर लालासाहेब खो खो हसले. डॉक्टरांना काय कळतंय, म्हणाले.

दुपारी आष्ट्याचे अमृतराव आले. सोबत त्यांची मुलगी शिवांजली, अंगावर नवी साडी आणि नजर खाली. लालासाहेब आणि आठवड्यापूर्वी दुकानावरून आलेला जयराज यांच्यासोबत पोहे झाले. शालूबाईंनी खूण केली आणि संयोगिता हळदीकुंकवाचं ताट घेऊन ओसरीवर आली. तेवढ्यात बंद दाराआडून शिवतेजचा घशातला आवाज आला.

"काय वो ते?" अमृतरावांनी विचारलं.

"वासरू हाय," शालूबाई म्हणाल्या.

संयोगितानं ताट खाली ठेवलं. कडी काढली. पोराला कडेवर घेऊन ती परत आली आणि शिवांजलीसमोर बसली.

"वासरू न्हाई, ह्यो माझा ल्योक हाय. मी पांढऱ्या पायाची म्हणून असा झाला म्हणत्यात. दुकानाखाली खाडीवर कोळीण ऱ्हाती, तिचा नातूबी असाच हाय. तिच्या सुनंचंबी पाय पांढरंच व्हय? त्या खाडीत पारा हाय, ताई. आमच्याच दुकानानं वतलाय."

शिवांजलीनं पहिल्यांदाच मान वर केली.

अमृतरावांनी घसा खाकरला. "लालासाहेब, पोरगी तिकडं दुकानावर धाडायची न्हाई. हितं गावात ऱ्हाईल. तेवढं कबूल करा, आमची ना न्हाई."

बस्स. शिवतेजकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. शिसारी यावी असा हा सौदा, आणि पोह्याच्या बशा तशाच पुढ्यात.

लालासाहेबांना स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं, आणि जयराजला तिकडं रांधून घालणारी बाईही हवी होती. ते सहज बोलून गेले, "आवं, तिकडं गेली म्हणून काय हुतंय? आमचा एकबी माणूस आजारी न्हाई. खाडीचा मासा तेवढा तोंडात घालायचा न्हाई, झालं. पैल्यापास्नं दंडकच हाय दुकानावर."

संयोगिताला आधी ते कळलंच नाही. मग कळलं. गावी आल्यापासून जयराजनं एकही वार पाळला नव्हता. परवाच्या सोमवारी तर ह्याच ओसरीवर बसून तो मटणाची नळी चोखत होता.

"आवं," ती म्हणाली, "तुमचा सोमवार..."

जयराजनं मान फिरवली. "तुला सांगितलं असतं तर तू त्या कोळणीला सांगितलं असतंस. गवगवा झाला असता. दुकान बसलं असतं."

ह्याच माणसापुढं ताट ठेवून आपण त्याचे उष्टे हात धुतले होते!

"मी खात व्हते, पोरासाठी म्हणून खात व्हते. आन् तुमी म्होरं बसून बघत व्हता?"

तिनं मंगळसूत्र काढून कुंकवाच्या ताटात टाकलं. "वाट्या पांढऱ्या पडल्या की भट्टीवर धरत व्हता न्हवं? आता ह्या पोराला धरा. बघू पारा उडतोय का."

"जीभ झडंल तुझी!" शालूबाई ओरडल्या.

शिवांजली उठून बापाला म्हणाली, "दादा, चला."

"खाली बस," अमृतराव गुरकावले.

"न्हाई बसायची. ओढून न्यायचं असंल तर तालुक्याच्या पोलिसात न्या, तिथं ह्या लग्नाचं बोलती." ती वाकली, आपल्या नव्या साडीच्या पदरानं शिवतेजची हनुवटी पुसली आणि पायऱ्या उतरली.

तासाभरानं फाट्यावर एसटीची वाट बघत शिवांजली बापापासून दूर उभी होती. संयोगिता एक पिशवी आणि पोर घेऊन तिथं आली.

"माहेरी निघाला, ताई?" शिवांजलीनं विचारलं.

"न्हाई. आदी खाडीवर जाती." संयोगितानं शिवतेजची मान खांद्यावर नीट ठेवली. "त्या कोळणीची धाकटी सून पोटुशी हाय म्हणून ऐकलंय. रोज मासा खात आसंल बिचारी. तिला कुणीच सांगितलं न्हाई."