कोणत्या पाण्याची

मे संपत आला की अरुणावतीच्या धरणात पाणी कमी आणि राड जास्त. त्या दिवशी सकाळी मारोती भोयाचा डोंगा भर धरणात राडीत रुतला. बायको नंदाबाईने बांबू रेटून पाहिला, पण डोंगा हलेना. शेवटी मारोती कमरेइतक्या चिखलात उतरला आणि शिव्या घालत ढकलू लागला. इतकं करून जाळ्यात काय, तर पंजाएवढी चिलापी. मरळ नाही, वाम नाही. त्या चिलापीलाही कुजक्या शेवाळाचा वास मारत होता.

"शी," नंदाबाई नाकाला पदर लावून म्हणाली. "हे बाजारात कोनाले दाखवावं?"

"बाजारात कायले न्याची? बाबुलालशेठ घेते ना."

"घेते, अन् लोकायले काय म्हनून खाऊ घालते ते बी मालूम हाय मले."

मारोतीने जाळं गुंडाळून डोंग्यात टाकलं.

बाबुलालने दिवाळीत आर्णीच्या रस्त्याला हॉटेल काढलं होतं, 'दर्याकिनारा'. आर्णीच्या माणसाला दर्या पाहायचा तर दोन दिवस प्रवासात घालवावे लागतात. बाबुलालने तो दारात आणून ठेवला. भिंतीवर लाटा रंगवल्या, अंगणात पैनगंगेची वाळू टाकली आणि वाळूवर मारोतीच्या बापाचा फुटका डोंगा निळा रंगवून मांडला. पाटीवर लिहिलं, 'ताजी समुद्री मासोळी'. ती मासोळी म्हणजे हीच राडीतली चिलापी. स्वयंपाकी ती दोन तास मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, मग तिखटमसाल्यात लोळवून तळायचा.

"झाली का नाही खाऱ्या पान्याची?" बाबुलाल मिठाच्या पाण्याच्या पातेल्याकडे बोट दाखवून हसायचा. "यात खोटं काय हाय, सांग बरं."

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण उन्हाळा चढला तसं बाबुलालने नवं काढलं. दर रविवारी मारोतीने समुद्रावरच्या कोळ्यासारखी लाल टोपी घालून, चौकटीचा रुमाल तिरपा गुंडाळून, उघड्या मांड्यांनी त्या निळ्या डोंग्यात बसायचं.

"मले नाई जमत शेठ. लाज वाटते," मारोती म्हणाला.

"नको जमू देऊ. मंग चिलापी बी नको आनू."

पाऊस लागून धरणात नवं पाणी येईपर्यंत ती वासाची चिलापी दुसरं कोणी घेणार नव्हतं. मारोती बसला. ज्या डोंग्यात त्याच्या बापाने उभा जन्म काढला, त्यात हा सोंग घेऊन बसायचा आणि माणसं खांद्यावर हात टाकून फोटो काढायची. घरी आल्यावर तो मांड्या दगडाने घासायचा.

तिकडे भोयांच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाईक टोपलीपुढे बसलं की आधी विचारतं, कोणत्या पाण्याची? नदीची, तळ्याची की धरणाची, जे असेल ते विकणाऱ्याने सांगायचं. भावात हवी तेवढी घासाघीस होईल, पण पाणी खोटं सांगायचं नाही. मेकॅनिक अब्रारची आई खातूनबी वीस वर्षं नंदाबाईकडूनच मासोळी घ्यायची, ती याच भरवशावर. "खाला, आज नका घेऊ, राडीची हाय," असं नंदाबाईनेच कितीदा सांगून तिला रिकाम्या पिशवीने परत पाठवलं होतं.

डोंगा रुतला त्याच रविवारी दुपारी अब्रार आईला आणि बायकोला घेऊन हॉटेलात आला. खातूनबीने डोंग्यातल्या मारोतीला ओळखलं. टोपीकडे पाहिलं, मांड्यांकडे पाहिलं आणि मान खाली घालून आत गेली. थोड्या वेळाने आत आवाज चढला.

"शेठ, अम्मी म्हनते हे आपल्या धरणाची हाय," अब्रार म्हणत होता.

"काय बोलता भाऊ. पकडनारा मानूस बाहीर बसून हाय. त्यालेच इचारा ना."

खातूनबी ताटली घेऊनच बाहेर आली. मागे बाबुलाल आणि अर्धं हॉटेल.

"मारोती," ती हळूच म्हणाली, "कोणत्या पान्याची हाय बा?"

मारोतीने बाबुलालकडे पाहिलं. तो दात कोरत उभा होता. मारोतीच्या तोंडाला सकाळच्या राडीची चव आली.

"समुद्राची हाय, खाला."

खातूनबीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "बरं बा. तू म्हनतं तर समुद्राची." आणि आत जाऊन तिने ती मासोळी काट्यापर्यंत खाल्ली.

मारोतीला स्वतःचीच किळस आली. त्याने टोपी डोंग्यात फेकली, रुमाल सोडून आपलं धोतर नेसलं आणि निघाला. बाबुलाल मागून ओरडला, "उद्यापासून मासोळी आनू नको." मारोतीने ऐकलं आणि चालत राहिला. घरी नंदाबाईला सगळं सांगितलं. तिने त्याला जेवायला वाढलं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

मग तीन दिवस दोघं पैनगंगेच्या डोहावर राहिले. चौथ्या दिवशी हातभर लांबीच्या चार मरळी मिळाल्या, जिवंत, काळ्याभोर, वासाचं नाव नाही. बाजाराच्या दिवशी नंदाबाईने त्या पाण्याच्या घमेल्यात मांडल्या. मारोती बाजूला विळी घेऊन बसला. खातूनबीशिवाय त्याला दुसरं गिऱ्हाईक नकोच होतं.

खातूनबी आली. उकिडवी बसली, एका मरळीचा कल्ला उघडून पाहिला, लाल होता. दोघं तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. तिने काही विचारलं नाही.

"डोहाची हाय, खाला," शेवटी नंदाबाईच म्हणाली. "नदीच्या पान्याची."

"असन बाई."

"खरंच डोहाची हाय, खाला," मारोती म्हणाला. "तुमच्यासाठी आनली."

खातूनबीने मरळ घमेल्यात सोडली, हात झटकले, गुडघ्यावर भार देऊन उठली. दोन पावलं सरकून शेजारच्या टोपलीपुढे बसली. तिथे एक अनोळखी बाई चिलापी घेऊन बसली होती.

"काय वं बाई," खातूनबीने तिला विचारलं, "कोणत्या पान्याची हाय?"