दसऱ्यापासूनची खडखड

नाशिक रोडच्या दुकानात ललितने कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय काउंटरवर आदळला. "भंगार माल गळ्यात मारलात! दसऱ्यापासून पंखा नुसता खडखडतोय. उघडा आणि तेल घाला!"

गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

"उघडायचा नसतो," दुकानदार संतोष म्हणाला. "प्लग काढला तरी आत करंट साठलेला असतो. गॅरंटीत आहे, बदलून देतो." त्याने तो उलटा करून हलवला. जाळीतून कुंकवाने लाल झालेले तांदूळ सांडले.

यंत्राच्या पोटातही आशीर्वाद पोचावा म्हणून ललितनेच दसऱ्याला कॅबिनेट उघडून मूठभर वाहिले होते. त्याला कुठे बघावं कळेना.

संतोषने दाणे वेचून गणपतीपुढे ठेवले. "पायाखाली नकोत," तो हळूच म्हणाला. "तुमच्या अक्षता आहेत."