खिशातले चाळीस सेकंद

नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या ज्या कारखान्यात गुनवोर कामाला होती, तिथे मासेमारी बोटींवरची जाळी ओढणारे विंच बनत. प्रत्येक विंचसोबत एक पेनड्राइव्ह जायचा आणि त्यात वापराची पुस्तिका असायची. ती ब्राउझरमध्ये उघडायची, पण तिला इंटरनेट लागायचं नाही, कारण बारेंट्स समुद्रात कोणी नेटच्या भरवशावर यंत्र दुरुस्त करत नाही. पुस्तिकेतले व्हिडिओ मात्र पंधरा वर्षांपूर्वीचे. नव्या ब्राउझरांनी त्यांना वाळीत टाकलं होतं. क्लिक केलं की नुसता करडा चौकोन. त्रेपन्नच्या त्रेपन्न व्हिडिओ नव्या फॉरमॅटमध्ये आणायचं काम गुनवोरच्या गळ्यात पडलं.

साहेब आयरिक तिच्याहून वीस वर्षांनी लहान. "बोटींवरचे कॉम्प्युटर धापा टाकतात," तो म्हणाला. "फायली हलक्या कर. आवाज तर काढूनच टाक, पुस्तिका अकरा भाषांत जाते."

तिने आवाज काढला. जिथे काही घडत नव्हतं ते भागही काढले. एकतिसाव्या व्हिडिओत हाल्वार नावाचा मेकॅनिक झडप बंद करतो, दोन्ही हात खिशात घालतो आणि चाळीस सेकंद नुसता उभा राहतो.

"हा काय बसची वाट बघतोय?" आयरिक म्हणाला.

तिने ते चाळीस सेकंद उडवले, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात मजाच आली. पुस्तिका निम्म्याने हलकी झाली.

शुक्रवारी कारखान्यात कॉफीबरोबर खायला गरम वाफल असतात आणि निवृत्त मंडळी वाफलच्या वासावर बरोब्बर हजर होतात. हाल्वारही आला. गुनवोरने कौतुकाने त्याला त्याचाच व्हिडिओ दाखवला. वाफलवर तपकिरी चीज ठेवता ठेवता तो थांबला.

"माझे खिसे कुठे गेले?"

"अरे, नुसता उभा होतास तू. काढून टाकलं."

"झडप बंद केली, दाबाचा काटा शून्यावर आला, तरी नळीत दाब राहतो. चाळीस सेकंद थांबायचं. त्याआधी झाकण सैल केलं तर झाकणाबरोबर बोटंही जातात. तोंडाने सांगितलं होतं की मी."

आयरिक वाफल घेऊन मागेच उभा होता.

"खाली एक ओळ टाकू ना," आयरिक म्हणाला. "चाळीस सेकंद थांबा, अशी."

"बोटीवर ओळ कोण वाचतं? बघतात आणि तसे हात चालवतात. म्हणून तर मी हात खिशात घातले होते."

नवी पुस्तिका घेतलेली पहिली बोट त्याच दुपारी दोन वाजता सुटणार होती, ती महिनाभर परत येणार नव्हती. गुनवोरने मूळ व्हिडिओ आवाजासकट पुन्हा नव्या फॉरमॅटमध्ये आणायला लावला. किती काम झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी सरकता सरकेना.

"वरिष्ठांच्या मेलमध्ये चूक कोणाची लिहू?" आयरिकने दारातून विचारलं.

"माझी लिही," ती म्हणाली, आणि पेनड्राइव्ह उपसून धक्क्याकडे पळाली. लाज वाटायला तेव्हा सवड नव्हती. ती नंतर भरपूर वाटली.

बोटीचे दोर सोडायला घेतले होते. इंजिन सांभाळणारा सिंद्रे, पंचविशीचा पोरगा, तिला खाली घेऊन गेला. कॉम्प्युटरला स्पीकरच नव्हता, आणि इंजिनच्या धडधडाटात असता तरी कोणी ऐकलं नसतं. तिने कापलेली पुस्तिका पुसली, दुरुस्त केलेली चढवली, एकतिसावा व्हिडिओ लावला. हाल्वारने झडप बंद केली. हात खिशात घातले.

"अडकला," सिंद्रे म्हणाला, आणि त्याने व्हिडिओ पुढे ओढला. बरोबर तिने कापला होता तिथपर्यंत.

गुनवोरने त्याचं मनगट धरलं आणि व्हिडिओ मागे नेला.

"हात खिशात घाल."

"कोणाचे, माझे?"

"दोन्ही."

तो हसला, पण त्याने घातले. वरून कोणीतरी तिला उतर म्हणून ओरडत होतं. पडद्यावरच्या माणसाचे हात बाहेर येईपर्यंत तिने सिंद्रेची कोपरं सोडली नाहीत.