पत्ता हरवलेला शोधनिबंध

मित्रांनो, शोधनिबंध म्हटलं की तुम्हाला जांभई येते, हे मला ठाऊक आहे. मी तसाच एक आहे, बावीस पानांचा, आता जुना झालेला. तरी जांभई आवरा आणि माझी हकिगत ऐका.

श्रीवर्धनच्या निदाने मला लिहिलं. पेणच्या बाजूला खाडीचं पाणी बांध घालून अडवतात आणि आत भात पिकवतात. तिथे ती दोन वर्षं हिंडली. तिथल्या एका गावात बांधाची नस न् नस जाणणारे एकच, कोंडाजी. ते पुढे चिखल तुडवत चालायचे, ती मागे वही घेऊन. एका वळणावर ते थांबले.

"हितं कधी बांध फुटला, तर दगड टाकू नका म्हणून लिव, पोरी. खाली जुनी खाडी हाय, ती दगड गिळते. बांध मागं वळवून घ्यायचा."

निदाने ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं, शेजारी नकाशा काढला. ते माझं नववं पान. त्याचा मला अभिमान आहे, कशाला लपवू?

एका महाविद्यालयाच्या संशोधन-पत्रिकेत मी इंटरनेटवर प्रसिद्ध झालो. कुणीही, कुठूनही वाचावं, अशी सोय होती. गावाने तर कौतुकाची हद्द केली. शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या दरवाजाला तिथे उघाडी म्हणतात. तिच्या भिंतीवर त्यांनी माझा इंटरनेटवरचा पत्ता ऑइलपेंटने लिहिला. दरवर्षी शिमग्याआधी त्यावर रंगाचा नवा हात फिरायचा. अक्षरं ठळक आहेत, म्हणजे निबंध सुखरूप आहे, असं सगळ्यांना वाटायचं. खरं सांगतो, मलाही वाटायचं.

पुढे कोंडाजी वारले. निदा लग्न होऊन मस्कतला गेली. महाविद्यालयाने झकास नवी वेबसाइट केली आणि जुने अंक तिकडे न्यायचे राहून गेले. कुणी मुद्दाम केलं नाही, पण माझा पत्ता बंद पडला.

त्याच वर्षी आषाढातल्या उधाणाला बांध फुटला, नेमका त्या वळणावर. कोंडाजींची सून केसर तेव्हा बांध समितीवर होती. भिंतीसमोर उभं राहून तिने एकेक अक्षर मोबाइलवर टाइप केलं. 'पान सापडत नाही.' तिने पुन्हा टाइप केलं.

"पत्ता हाय, रंग बी ताजा हाय. मंग ह्यो गेला कुठं?" ती म्हणाली.

तिने निदाला फोन लावला. "केसरताई, माझी प्रत जुन्या लॅपटॉपबरोबर गेली. मीसुद्धा त्या पत्त्याच्याच भरवशावर राहिले," निदा म्हणाली आणि रडू लागली.

गावाने दगड टाकले. दगड गडप झाले. दुसऱ्या पावसाळ्यातही तेच. निदा मात्र हटली नाही. सापडेल त्या ग्रंथालयाला ती पत्र पाठवत राहिली. शेवटी पालीच्या अनंता नावाच्या ग्रंथपालाचं उत्तर आलं, "आहे माझ्याकडे. तीन ठिकाणी ठेवलाय."

त्याने संपादकांची परवानगी घेऊन पत्रिकेचे सगळे अंक उतरवून ठेवले होते. लोक त्याच्या या नादाला हसायचे. आता त्याने मला एक कायमचा क्रमांकही मिळवून दिलाय. मी कुठेही हललो, की माझा नवा ठिकाणा त्या क्रमांकापुढे नोंदवायचा, मग वाचणारा नेमका माझ्यापर्यंत पोहोचतो. नोंदवायचं काम मात्र माणसालाच करावं लागतं.

केसरने बांधावर सगळ्यांसमोर नववं पान मोठ्याने वाचलं. "हे बाबांचंच बोलणं हाय," ती म्हणाली. मग बांध मागे वळवून घातला आणि पुढच्या उधाणाला तो टिकला.

पण दोन पावसाळे आत आलेल्या खाऱ्या पाण्याने अठरा एकर जमीन नासली. त्यात केसरचंही शेत आहे. तिथे अजून दोन-तीन वर्षं भात धरणार नाही. उत्तर माझ्यापाशी होतं आणि मला कुणालाच उघडता येत नव्हतं, हे दुःख मला जन्मभर पुरेल.

म्हणून मित्रांनो, तुमच्या गावाविषयी कुणी काही लिहून ठेवलं असेल, तर ते अजून उघडतंय का, एवढं आज बघा. एक प्रत दुसऱ्याच्या हाती द्या, एक तिसऱ्याच्या. गरज पडेल तेव्हा शोधू, असं म्हणू नका. केसरने गरज पडली तेव्हाच शोधलं होतं.