शोकप्रस्तावांचे आमदार

काका हयात होते तोवर पुतण्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान बरं चाललं होतं. काका आमदार. ते अचानक गेले आणि शोकसभेत पुतण्याला दोन शब्द बोलायला उभं केलं. दोन शब्दांना अर्धा तास लागला. ज्या ठेकेदाराने काकांवर दावा लावला होता, तोसुद्धा खिशात रुमाल चाचपू लागला. पक्षाच्या अध्यक्षांनी तिथल्या तिथे ठरवलं, रिकाम्या जागेवर हाच.

पुतण्या निवडून आला. रस्ते, पाणी, वीज यांवर बोलायला पक्षात पुष्कळ तोंडं होती. शोकप्रस्तावावर मात्र त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. सभागृहात त्याचं नावच 'हुंदकेसाहेब' पडलं. कोणी गेलं की हे त्यांच्या घरी जायचे, चहा घ्यायचे आणि एखादी बारीक गोष्ट काढून आणायचे. धरणाचं सिमेंट खाल्लेला माजी मंत्री मांजराला स्वतःच्या हाताने दूध पाजायचा, हे त्यांच्यामुळे राज्याला कळलं.

"मेल्या म्हशीला मणभर दूध," बायको म्हणायची. "जित्या माणसांच्या नळाला पाणी नाही, त्यावर कधी बोलणार?"

"तो विषय माझ्याकडे नाही."

आणि ते खरंच होतं.

मग पक्षाध्यक्ष आजारी पडले. डॉक्टर बोलेनासे झाले, तसे कार्यकर्ते कुजबुजू लागले. एका गुरुवारी अध्यक्षांनी हुंदकेसाहेबांना इस्पितळात बोलावून घेतलं आणि नर्सला बाहेर पाठवलं.

"माझ्यावरचं भाषण तयार असेल ना?"

"साहेब, भलतंच काय बोलता."

"तयार आहे का?"

"आहे."

"म्हण."

हुंदकेसाहेबांनी घसा साफ केला आणि भाषण म्हटलं. अध्यक्ष डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "पुलाचं नाही आलं."

"साहेब, तो पूल पडला."

"पडला नंतर. बांधला मी आधी."

पूल घातला गेला. पुढच्या गुरुवारी अध्यक्षांना आपल्या आईचा उल्लेख त्रोटक वाटला. त्याच्या पुढच्या खेपेला विरोधकांबद्दलची क्षमाशील वृत्ती वाढवून मिळाली. भाषण जसं भरत गेलं, तसा रोगी सुधारत गेला. डॉक्टरांनी औषधाचा गुण म्हटलं. अध्यक्ष घरी आले, तरी गुरुवार चालूच राहिला. काम आटोपल्यावर दोघं बोलत बसायचे. हुंदकेसाहेबांचं प्रत्येक वाक्य इतकं कान देऊन आजवर कोणी ऐकलं नव्हतं, बायकोनेही नाही.

निवडणुका तोंडावर आल्या तेव्हा अध्यक्षांनी सहज विचारलं, "लोक खरंच रडतील का रे?"

हुंदकेसाहेब राजकारणात दुसरं काही शिकलेच नव्हते. एवढ्या एका विषयात खोटं बोलणं त्यांच्या जिवावर आलं.

"पहिल्या दिवशी रडतील," ते म्हणाले.

त्या वर्षी त्यांना तिकीट मिळालं नाही. "तरुणांना संधी" असं कारण जाहीर झालं. तिकीट मिळालेला तरुण अध्यक्षांचा मेहुणा होता आणि हुंदकेसाहेबांपेक्षा वयाने मोठा होता.

दुसऱ्याच दिवशी विरोधी पक्षाचे सरचिटणीस पेढ्यांसारखं गोड हसत घरी आले. त्यांच्याकडे वयोवृद्ध नेते बरेच होते आणि बोलणारं कोणी नव्हतं. हुंदकेसाहेब तिकडून शेजारच्या मतदारसंघात उभे राहिले, थोडक्यात निवडून आले आणि समोरच्या बाकांवर जाऊन बसले. जुन्या पक्षाने त्यांना गद्दार म्हटलं. अध्यक्षांनी जाहीर सभेत त्यांचं नावही घेतलं नाही. गुरुवारी ते काय करतात, हे विचारायची हुंदकेसाहेबांना सोय राहिली नाही.

अधिवेशनाच्या ऐन मध्यावर अध्यक्ष गेले. प्रस्ताव आला, सत्ताधारी बाकांवरून भाषणं झाली. मेहुण्याने 'न भरून येणारी पोकळी' दोनदा म्हटलं. मग हुंदकेसाहेबांचं नाव पुकारलं गेलं आणि पत्रकारांनी पेन सरसावले.

ते उभे राहिले. भाषण तोंडपाठ होतं. पूल, आई, क्षमाशील वृत्ती, सगळं. "पूल," ते म्हणाले, आणि पुढचा शब्द फुटेना. बाकाची कड धरून ते तसेच उभे राहिले. शेजारच्याने पाण्याचा पेला पुढे केला. शेवटी पीठासनावरून त्यांना बसायला सांगण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने लिहिलं की पक्ष बदलल्यापासून यांच्या भाषणातला ओलावा आटला आहे. बायकोने ते वाचलं आणि वर्तमानपत्राची घडी घातली. म्हणाली, "आज घरीच राहा."

ते राहिले.